नागसेनाचा रथ, ह्यूमचं गाठोडं आणि आमच्या बाबांची स्कूटर

भाचीचा मेसेज आला रात्री साडेदहाला. एफवायला आहे ती, आणि २०२० चं नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून कॉलेजात भारतीय ज्ञान प्रणालीचा पेपर असतो, त्यातली असाइनमेंट होती: पौर्वात्य व पाश्चात्य तत्त्वज्ञानातील फरक स्पष्ट करा. सोबत तिने केलेलं टेबल. डावीकडे पौर्वात्य: आत्मा, अनुभव, मोक्ष, समष्टी. उजवीकडे पाश्चात्य: शरीर, तर्क, विज्ञान, व्यक्ती. खाली लिहिलेलं, "मामा, एवढं पुरेल ना? उद्या सबमिशन आहे."

मार्कांना पुरेल, पण ते टेबल चुकलंय. आणि ते तिचं एकटीचं टेबल नाहीये, फॅमिली ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी हेच टेबल नमस्कार आणि कमळाच्या फोटोसकट फॉरवर्ड करतं. म्हणून जरा नीट लिहितो. सगळं तत्त्वज्ञान एका लेखात मावणार नाही, तर एकच प्रश्न घेऊ, तो दोन्हीकडे कसा भांडला गेला ते बघू, मग रकाने टिकतात का ते तुम्हीच सांगा. प्रश्न असा: "मी" म्हणजे नक्की काय?

आधी स्कूटर

आमच्या बाबांकडे एक स्कूटर होती, बावीस वर्षं. तेवढ्या काळात तिचं इंजिन बदललं, दोन्ही चाकं बदलली, सीट तीनदा, हँडल एकदा (तो माझा पराक्रम, तेव्हा अठराही पूर्ण नव्हते), रंग हिरव्याचा निळा झाला. शेवटी शेवटी गॅरेजवाला हसून म्हणायचा, काका, ह्यात तुमचं काय राहिलंय? बाबा म्हणायचे, गाडी माझीच आहे. आणि आरटीओ बाबांच्या बाजूने होतं, कारण त्यांच्या लेखी गाडी म्हणजे चासी नंबर, बाकी काही का बदलेना, आरसी बुकात नोंद करून घ्या म्हणजे झालं.

हेच कोडं ग्रीसमध्ये जहाजावरून घातलं गेलं. थिसियस नावाच्या वीराचं तीस वल्ह्यांचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं होतं, फळी कुजली की नवीन बसवायचे. प्लुटार्क नावाचा ग्रीक लेखक सांगतो की तिथल्या तत्त्वज्ञांचे त्यावरून दोन तट पडले, एक म्हणायचा तेच जहाज, दुसरा म्हणायचा ते नव्हेच. पुढे सतराव्या शतकात इंग्लंडच्या हॉब्जने त्यात अजून मीठ टाकलं: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून त्यांचंच दुसरं जहाज बांधलं तर? आता खरं कुठलं?

स्कूटरला काय, चासी नंबर आहे. माणसाला आहे का? पाच वर्षांचा मी आणि आजचा मी ह्यात उंची वेगळी, आवाज वेगळा, मतं तर पार उलटी, मग ह्या दोघांना जोडणारा असा कुठे ठोकलेला नंबर आहे? "आहे, त्याला आत्मा म्हणतात" हे एक उत्तर. "नाही, असं काही नाहीये" हे दुसरं. आता गंमत बघा, कुठलं उत्तर कुठून येतं.

एक ग्रीक राजा आणि एक भिक्खू

तुमच्या वर्गात एखादा मिलिंद होताच. मिलिंद म्हणजे संस्कृतात भुंगा, पण मिलिंद हा एक राजाही होता, ग्रीक वंशाचा. मूळ नाव मेनान्दर, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्येकडे राज्य करायचा, राजधानी सागल, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आजचं पाकिस्तानातलं सियालकोट. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. त्याचा आणि नागसेन नावाच्या बौद्ध भिक्खूचा संवाद पाली भाषेत आहे, मिलिंदपञ्ह, म्हणजे मिलिंदाचे प्रश्न. छत्रपती संभाजीनगरला बाबासाहेबांच्या संस्थेचं मिलिंद महाविद्यालय आहे आणि तो परिसर नागसेनवन, ती नावं ह्याच दोघांची.

राजा विचारतो, भन्ते, तुमचं नाव काय? साधा प्रश्न. उत्तर येतं, मला नागसेन म्हणतात, पण ते नुसतं नाव आहे, त्यामागे कुणी व्यक्ती सापडत नाही. राजा उखडतो. मग हे चीवर कोण घालतं, भिक्षा कोण घेतं, शील कोण पाळतं? केस म्हणजे नागसेन का? नाही. नखं? नाही. दात, कातडी, मांस? नाही. वेदना (म्हणजे सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (म्हणजे वस्तू ओळखणं)? नाही. मग नागसेन नाहीच, तुम्ही खोटं बोलताय!

आता नागसेनाची पाळी. तो आधी जरा चिमटा काढतो, महाराज, तुम्ही नाजूक माणूस, भर दुपारी तापलेल्या वाळूतून खड्यांवरून चालत आलात तर पाय दुखतील, कसे आलात, पायी की वाहनाने? रथाने. बरं, मग दांडी म्हणजे रथ का? नाही. आस? नाही. चाकं? नाही. सगळ्यांचा ढीग? नाही. ह्या सगळ्यांच्या पलीकडे काही? तेही नाही. मग महाराज, रथ कुठेय? एवढे मोठे राजे आणि खोटं बोलता?

राजा म्हणतो, खोटं नाही, दांडी, आस, चाकं ह्यांच्या आधाराने "रथ" हे नाव चालतं. नागसेन म्हणतो, बरोब्बर, माझंही तेच. "मी" हे व्यवहारापुरतं नाव आहे, आत कुणी मालक बसलेला नाही. ह्यालाच बौद्ध अनात्म म्हणतात, पाली शब्द अनत्ता.

ह्या संवादातली माझी सगळ्यात आवडती जागा मात्र रथाच्या नंतर येते. राजाला पुढे वाद चालू ठेवायचाय, तर नागसेन म्हणतो, पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलतो, राजांसारखं बोलणार असाल तर नाही. फरक काय? पंडित वादात हरतात, चूक मान्य करतात आणि चिडत नाहीत, राजे कुणी विरोध केला की म्हणतात द्या ह्याला शिक्षा. (आमच्या फॅमिली ग्रुपचे अॅडमिन दुसऱ्या प्रकारातले आहेत, असो.)

तर टेबलाची पहिली अडचण: "आत्मा नाही" असं ठणकावून सांगणारा माणूस डाव्या रकान्यातला आहे, आणि ज्याला ते पटत नाहीये तो राजा ग्रीक.

मग स्कॉटलंडमध्ये काय झालं

युरोपात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६३७ च्या पुस्तकात म्हटलं, मी विचार करतो म्हणून मी आहे. सगळ्यावर शंका घेता येते, पण शंका घेणारा कुणीतरी लागतोच ना, तो मी, आणि तो शरीराहून वेगळा. म्हणजे चक्क आत्मा, तोही उजव्या रकान्यात, तर्काने सिद्ध केलेला.

शंभर वर्षांनी डेव्हिड ह्यूम नावाच्या तिशीही न गाठलेल्या स्कॉटिश पोराने, साल १७३९, आपल्या पुस्तकात हे तपासून बघायचं ठरवलं. तो म्हणतो, मी जेव्हा जेव्हा स्वतःच्या आत डोकावतो तेव्हा मला काहीतरी सापडतं, गरम किंवा थंड, उजेड किंवा सावली, प्रेम, द्वेष, दुःख, पण ज्याला हे सगळं होतंय तो "मी" काही सापडत नाही. म्हणून माणूस म्हणजे अनुभवांचं एक गाठोडं, सारखं बदलत राहणारं. बौद्धांनी माणसाचे पाच स्कंध सांगितलेत, रूप (शरीर), वेदना, संज्ञा, संस्कार (मनाच्या प्रवृत्ती), विज्ञान (इथे जाणीव, सायन्स नव्हे), आणि स्कंध ह्या शब्दाचा अर्थ ढीग. इकडे ढीग, तिकडे गाठोडं. दोन हजार वर्षांचं अंतर, पण एका गल्लीतले वाटतात.

"म्हणजे त्याने आपल्याकडूनच चोरलं!"

ही कमेंट येणारच, म्हणून आधीच. ह्यूमने ते पुस्तक बरंचसं फ्रान्समधल्या ला फ्लेश नावाच्या गावात राहून लिहिलं. तिथे जेझुइट पाद्र्यांचं कॉलेज होतं, देकार्त तिथेच शिकलेला. आणि त्या काळात तिथे एक म्हातारा पाद्री होता जो तरुणपणी सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, जाऊन आलेला. अॅलिसन गॉपनिक ह्या अमेरिकन बाईंनी २००९ मध्ये हा धागा मांडला, की ह्यूमच्या कानावर बौद्ध विचार इथून पडले असू शकतील. शक्यता म्हणून मस्त आहे, पुरावा म्हणून नाही, कारण ह्यूमने तसं कुठे लिहिलेलं नाही. आणि खरं सांगू का, चोरी झाली असती तरी आपल्याला काय मिळणार होतं? ज्या विचाराला आपल्याकडच्या अर्ध्या दर्शनांनी शतकानुशतकं शिव्या घातल्या त्याचं पेटंट आता आपण मागायचं म्हणजे जरा विनोदीच.

चिंच बघून तोंडाला पाणी का सुटतं

शिव्या कुणी घातल्या? मुख्यतः नैयायिकांनी. न्याय हे तर्काचं दर्शन (दर्शन म्हणजे इथे तत्त्वज्ञानातली एक शाळा, देवदर्शन नव्हे). त्यांचं म्हणणं, आत्मा आहे, आणि तो श्रद्धेने मानायची गरज नाही, दाखवून देतो.

चिंच घ्या. लांबून नुसती दिसली, चाखली नाही, तरी तोंडाला पाणी सुटतं. डोळ्याला आंबटपणा कळत नाही, जिभेला रंग दिसत नाही, मग डोळ्याने पाहिलेल्याची खबर जिभेला दिली कुणी? मागे कधीतरी जिने चाखलं ती जीभ आणि आत्ता जो बघतोय तो डोळा ह्या दोघांचं खातं एकाच्याच नावावर पाहिजे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात हा मुद्दा आहे, फळ बघून दुसऱ्याच इंद्रियात बदल होतो हा. त्याच अध्यायाची सुरुवातही अशीच, जी वस्तू मी डोळ्याने बघितली तीच हाताने चाचपतोय हे कळतं, म्हणजे दोन्हींचा जाणता एक आहे.

गाठोड्याला गाठोडं असल्याचं कळत नाही, स्कूटरला आपलं इंजिन बदललंय हे आठवत नाही, मला मात्र माझी पाचवी इयत्ता आठवते. नैयायिक तर स्कूटरच्या बाबतीतही नागसेनाला सोडत नाहीत, ते म्हणतात सुटे भाग वेगळे आणि भागांनी बनलेली पूर्ण वस्तू वेगळी, त्या पूर्ण वस्तूला ते अवयवी म्हणतात. सुट्या भागांच्या पोत्यावर बसून ऑफिसला जाता येत नाही, स्कूटरवर बसून येतं. कशी वाटली बाजू? मला तरी कॉलेजात असताना ही वाचून बौद्ध हरले असंच वाटलेलं, मग बौद्धांचं उत्तर वाचलं (एका क्षणाची जाणीव पुढच्या क्षणावर ठसा सोडत जाते, खातेदार लागत नाही, नोंदी पुरतात), की परत गोंधळ.

हे भांडण हजारेक वर्षं चाललं, आणि फार सभ्यपणे नाही. उदयनाचार्यांनी आत्म्याच्या बाजूने लिहिलेल्या ग्रंथाचं दुसरं नाव बौद्धधिक्कार आहे, ह्यावरून सूर कळावा. चार्वाक तिसऱ्याच कोपऱ्यात उभे, ते म्हणत शरीर हाच मी, आंबवल्यावर जशी नशा तयार होते तशी पृथ्वी, पाणी, तेज, वारा ह्या चार महाभूतांच्या मिश्रणातून जाणीव तयार होते, मेल्यावर खेळ खलास. म्हणजे पक्का भौतिकवाद, डाव्या रकान्यात.

तिकडे स्कॉटलंडमध्येच ह्यूमच्या विरोधात थॉमस रीड उभा राहिला. त्याचं म्हणणं, मी म्हणजे विचार नव्हे, भावना नव्हे, विचार करणारा आणि भोगणारा तो मी. गौतमाची (हा न्यायसूत्रांचा कर्ता, बुद्ध नव्हे) न्यायसूत्रं त्याने पाहिलेली नव्हती, तरी एखाद्या नैयायिकाने मान डोलावली असती.

आता रकाने आखाच म्हटलं तर असे आखावे लागतील: एका बाजूला नागसेन आणि ह्यूम, दुसऱ्या बाजूला नैयायिक, देकार्त आणि रीड. रेघ पूर्व-पश्चिम जातच नाही, ती प्रत्येकाच्या घरातून जाते.

"पण आपल्याकडे अनुभव, त्यांच्याकडे तर्क, हे तरी खरं ना?"

नाही. उलट तर्काची पद्धत दोन्हीकडे आहे, आणि खरा फरक तिथे दिसतो, फक्त तो बारीक आहे आणि टेबलात बसत नाही.

अॅरिस्टॉटलचं अनुमान तीन पायऱ्यांचं. सगळी माणसं मर्त्य, सॉक्रेटिस माणूस, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य. न्यायाचं पाच पायऱ्यांचं: डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय, जिथे जिथे धूर तिथे तिथे आग जसं की स्वयंपाकघरात, इथेही तसाच धूर आहे, म्हणून आग आहे. बरेच लोक म्हणतात दोन पायऱ्या उगाच वाढवल्यात. उगाच नाहीत. ते स्वयंपाकघर बघा. अॅरिस्टॉटलला उदाहरण नकोय, साचा बरोबर असला की झालं, माणसाच्या जागी काहीही टाका. नैयायिकाला मात्र समोर बसलेला माणूस दिसतोय, त्याला पटवायचंय, म्हणून दोघांनीही पाहिलेली एक चूल मध्ये आणून ठेवावी लागते. एकाचं तर्कशास्त्र साचा तपासतं, दुसऱ्याचं वादसभेत उभं राहतं.

म्हणूनच आपल्याकडच्या ग्रंथांत पूर्वपक्ष असतो, आधी विरोधकाचं म्हणणं मांडायचं, तेही त्याला मान्य होईल असं, मग खोडायचं. चार्वाकांचं मूळ लिखाण जवळपास सगळं गेलं आणि त्यांच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते बरंचसं त्यांच्या शत्रूंनी लिहून ठेवलेल्या पूर्वपक्षांतून. (ते शत्रू किती प्रामाणिक होते हा वेगळा विषय.)

आणि "आपण धार्मिक, ते विज्ञाननिष्ठ" हे तर सोडूनच द्या. वेदांना प्रमाण मानणारे मीमांसक जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत, आणि देकार्त "मी विचार करतो" वाल्या त्याच पुस्तकात देव सिद्ध करत बसलाय.

"आत्मा नाही तर पुनर्जन्म कुणाचा?"

हा सगळ्यात जड आक्षेप, आणि तो घेणारे फक्त विरोधक नव्हते. डॉ. आंबेडकरांनी बुद्ध आणि त्याच्या धम्मावरच्या १९५७ साली आलेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच हा प्रश्न ठेवलाय: आत्मा नाही म्हणता, मग कर्म कसं आणि पुनर्जन्म कसा? ते गुळमुळीत उत्तर देऊन पुढे जात नाहीत, नव्याने मांडणी करायला घेतात.

मिलिंदानेही हेच विचारलं होतं. नागसेनाचं उत्तर म्हणजे दिवा. रात्रभर जळणारा दिवा, पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? नाही. मग दोन वेगळे दिवे का? तेही नाही. एकातून एक चालू राहिलं. मग राजाने पकडायचा प्रयत्न केला, की असं असेल तर माणूस केलेल्या पापातून सुटेल ना? नागसेन म्हणतो, समजा एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले, आणि पकडल्यावर म्हणाला, ह्याने जमिनीत लावला तो आंबा वेगळा, मी नेले ते आंबे वेगळे, मी कुठे चोरी केली? सुटेल का? राजा म्हणतो, छे, शिक्षा होणार.

आता इंग्लंडच्या जॉन लॉकला बघा, तो १६९४ मध्ये ह्याच ठिकाणी येऊन उभा आहे पण त्याला आंबेचोराऐवजी कोर्ट दिसतंय. तो म्हणतो "व्यक्ती" हा मुळात कोर्टाचा शब्द आहे, कुणाला जबाबदार धरायचं ह्याच्यासाठीचा. जिथपर्यंत आठवण पोचते तिथपर्यंत तोच माणूस. मग दारूच्या नशेत मारामारी केली आणि सकाळी काहीच आठवत नाही, त्याला शिक्षा का? लॉक म्हणतो, कोर्टाला खरं विसरला की ढोंग करतोय हे सिद्ध करता येत नाही, म्हणून शिक्षा. मला हे उत्तर जरा पळवाट वाटतं, आंबेवालं जास्त रोखठोक आहे.

मग फरक काहीच नाही का?

आहे. तो उत्तरात नाही, प्रश्न कशासाठी विचारला त्यात आहे. नागसेनाला दुःख संपवायचंय. "मी" आणि "माझं" ह्याला चिकटून राहिल्याने माणूस होरपळतो, तर आत मालकच नाही हे कळलं की चिकटणार कोण? त्याच्यासाठी अनात्म हे औषध आहे. लॉकला जबाबदारी ठरवायचीय. ह्यूमला माणसाचं मन कसं चालतं ते बघायचंय, आणि ते बघून त्याला काही शांती वगैरे मिळाली नाही, उलट तो लिहितो की ह्या विचारांनी डोकं काळवंडून जातं, मग मी जेवतो, मित्रांबरोबर बॅकगॅमन खेळतो, गप्पा मारतो, आणि तीन-चार तासांनी परत आलो की हे सगळं इतकं थंड आणि ओढूनताणून वाटतं की पुढे जायची इच्छा होत नाही. भिक्खू ध्यानाला बसेल, ह्यूम सोंगट्यांना.

पण इथेही लगेच रेघ मारू नका. ग्रीसमधले एपिक्युरसवाले आणि स्टोइक तत्त्वज्ञानाला औषधच म्हणायचे. आणि डेरेक पार्फिट, ऑक्सफर्डचा, १९८४ मध्ये त्याने एक यंत्र कल्पिलं: पृथ्वीवर तुमचं स्कॅनिंग होतं, शरीर नष्ट होतं आणि मंगळावर हुबेहूब दुसरं तयार होतं, सगळ्या आठवणींसकट. तो तुम्हीच का? आणि नव्या मशीनने इथलं शरीर नष्टच केलं नाही तर? (जुन्या फोनचा बॅकअप नव्या फोनवर घेतल्यासारखं, फक्त जुनाही चालूच राहिलाय.) पार्फिट म्हणाला, "तोच का" हा प्रश्न आपण समजतो तेवढा महत्त्वाचा नाही. हे पटल्यावर त्याला काय वाटलं तेही त्याने लिहिलंय: आधी आयुष्य काचेच्या बोगद्यासारखं वाटायचं, शेवटी अंधार असलेला, आता काचेच्या भिंती गेल्या, स्वतःच्या मरणाची चिंता कमी झाली. पुस्तकाच्या शेवटी त्याने बौद्ध वचनांचं एक परिशिष्टच जोडलंय. उजव्या रकान्यातला माणूस, डाव्या रकान्यातलं औषध.

आणि "पौर्वात्य" म्हणजे फक्त आपणच का? चीनचा च्वांगत्झ, ज्याला फुलपाखरू झाल्याचं स्वप्न पडलं आणि जागं झाल्यावर प्रश्न पडला की मी फुलपाखरू झालो होतो की आत्ता फुलपाखरू माणूस झालंय, त्याला ना आत्मा सिद्ध करायचाय ना मोक्ष हवाय. त्याला शंकराचार्यांच्या रकान्यात बसवून दाखवा. मला नाही जमत.

वाचायचं असेल तर

मिलिंद-नागसेनाचा रथाचा भाग दोन-तीन पानांचा आहे, मराठीत मिळतो, तिथून सुरू करा. नंतर ह्यूमचं गाठोड्यावरचं प्रकरण. त्याला एक शेपूट आहे ते चुकवू नका: १७४० मध्ये पुढचा खंड आला त्याला ह्यूमने परिशिष्ट जोडलं, आणि त्यात कबूल केलं की "मी" बद्दलचं माझं म्हणणं मी परत तपासलं, त्यात मी असा अडकलोय की आधीचं दुरुस्त कसं करावं तेही कळत नाही आणि त्याचा मेळ कसा घालावा तेही कळत नाही. विखुरलेल्या अनुभवांना एकत्र कोण बांधतं, इथेच गाडी अडली. म्हणजे चिंचेपाशीच.

हे सगळं भाचीला फोनवर सांगून झालं तेव्हा साडेबारा वाजले होते. तिने विचारलं, "मामा, ते ह्यूमचं अडकणं कुठल्या रकान्यात लिहू?" मी म्हटलं रेघ खोड आधी. ती म्हणाली, पेनाने मारलीय.